उन्हाळ्यात वर येणारं पाणी

आमच्या कार्यालयात मी एकतीस वर्षं टायपिंग केलं. पहिली बारा मशीनवर, पुढची कॉम्प्युटरवर. साहेब बदलले, भिंतींचे रंग बदलले, पण इथून जो कागद बाहेर गेला तो माझ्या बोटांखालून गेला. हे मोठेपणा मिरवायला सांगत नाही. मास्तरांची गोष्ट सांगायची तर तिच्यातला माझा हात आधीच कबूल केलेला बरा.

मास्तर म्हणजे खडूमास्तर. शाळेशी त्यांचा संबंध स्वतः शिकले तेवढाच. ते आमच्या शेती खात्यासाठी विहिरींचं पाणी मोजायचे. पण शर्टाच्या खिशात खडू, बोटांना खडू, विजारीवर दोन्ही मांड्यांना पांढरे पंजे, त्यामुळे नवा माणूस त्यांना हमखास विचारायचा, कुठल्या शाळेत असता? ते शांतपणे म्हणायचे, विहिरींच्या.

त्यांचं काम मी एकदा बघितलंय. तीस मीटरची पोलादी फीत, टोकाला शिशाचं वजन. फितीच्या खालच्या दीड मीटरला खडू घासायचा आणि फीत विहिरीत सोडायची. टोक पाण्यात बुडालं की वर ओढायची. खडू जिथवर ओला झाला तिथवर तो काळा पडतो. काठावर धरलेल्या आकड्यातून तो ओला भाग वजा केला की पाणी काठापासून किती खाली आहे ते कळतं. एवढंच काम, पण मास्तर ते सोनार तोळा तोलतो तसं करायचे. वारा असला तर थांबायचे. खूण पुसट वाटली तर पुन्हा खडू घासून पुन्हा फीत सोडायचे. एक्केचाळीस विहिरी, दर महिन्याला एकदा, आधी सायकलवर आणि पुढे खात्याच्या खडखडत्या मोटरसायकलवर. बावीस वर्षं. तापात मोजल्या, पाय मुरगळला होता तेव्हा काठी टेकत मोजल्या.

महिन्याचा तक्ता ते माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. मी तीन प्रती करायची. एक मुख्य कार्यालयात, एक आमच्या लोखंडी कपाटात, तिसरी कुठे जायची ते मला अजून माहीत नाही. त्यातली एकही कुणी वाचत नव्हतं, हे मात्र आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आता एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली, ती तुम्हाला लगेच सांगते. मास्तरांच्या नोकरीच्या चौथ्या वर्षी उन्हाळ्यात नऊ नंबरची विहीर आटली. मास्तरांनी रकान्यात लिहिलं, कोरडी. तक्ता परत आला. वर लाल शाईत शेरा होता, रकाना अपूर्ण, आकडा भरून पाठवावा. त्यांनी तळापर्यंतची खोली लिहिली. तक्ता पुन्हा परत आला, पाण्याची पातळी लिहावी. तेव्हाच्या वरिष्ठांनी मास्तरांना समजावलं, अरे, जवळच्या ज्या विहिरीला पाणी असेल तिचा आकडा घाल आणि मोकळा हो, जमिनीखाली पाणी काय वेगवेगळं असतं का? मास्तरांनी घातला. मनाचा नव्हे. दोन मैल सायकल मारून ओढ्याकाठच्या विहिरीवर गेले, फीत सोडली, सेंटिमीटरपर्यंत मोजला आणि नऊ नंबरच्या रकान्यात लिहिला. तक्ता परत आला नाही.

मग ती कामाची रीतच झाली. माळावरची विहीर आटली की खाली ओढ्याकाठी यायचं. आधी दोन विहिरी, मग पाच, मग उन्हाळ्याचे चार महिने अठरा. खरी विहीर कुठली मोजली ते मास्तर खिशातल्या डायरीत टिपून ठेवायचे, पण डायरी मागितली कुणी? मास्तरांचा एकच अभिमान होता, की आयुष्यात एकही आकडा मनाने लिहिला नाही. तो अभिमान खराही होता. म्हणून तर घोटाळा झाला.

माळावरच्या ज्या विहिरींना बाराही महिने पाणी होतं त्यांतली एक सतरा नंबरची. ती मास्तरांच्या ताईची. म्हणजे विहीर वस्तीची, चौदा घरांची, पण ताई तिच्यावर मालकिणीसारखी वागायची. ताई मास्तरांपेक्षा चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मास्तर तीन वर्षांचे होते. ताई नवऱ्याच्या घरून धाकट्याला बघायला म्हणून आली आणि परत गेलीच नाही. त्याच विहिरीचं पाणी शेंदून तिने त्यांना न्हाऊमाखू घातलं, वाढवलं, नोकरीला लावलं. मास्तरांचं लग्नही तिनेच ठरवायचं होतं. तिच्या पसंतीची मुलगी काही मिळाली नाही, मास्तरांचे केस मात्र पांढरे झाले. लोकांना वाटायचं, तोही खडूच.

शहरात मास्तरांच्या दोन खोल्या होत्या. ताईने तिथे येऊन राहावं म्हणून ते दरवर्षी विनवायचे. ती म्हणायची, "तुझ्याकडं पाणी नळातनं येतं. कुठनं येतं, किती उरलंय, काही दिसत नाही. मला बघितलेलं पाणी लागतं."

आणि तिला खरंच दिसायचं. तिचा एक दोर होता. पाणी खाली गेलं आणि दोर पुरेनासा झाला की ती त्याला दोन हात लांबीचा तुकडा जोडायची. मी पाहिला तेव्हा त्या दोराला आठ गाठी होत्या. मास्तरांच्या बावीस वर्षांच्या तक्त्यांपेक्षा त्या आठ गाठी जास्त खरं बोलत होत्या, पण गाठींना रकाना नव्हता.

आता साहेबांकडे वळते. आमचे साहेब वाईट माणूस नव्हते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांच्या नावाने बोटं मोडाल. या भागात शेतीसाठी मोठा निधी यावा हा त्यांचा सोळा वर्षांचा ध्यास. आणि मोठा निधी सरळ मागून मिळत नाही. आधी छोटा प्रकल्प मागायचा. त्याला तांत्रिक साहाय्य म्हणतात. त्यात एक सल्लागार येतो, एक गाडी येते, दोन कॉम्प्युटर येतात, बारा जणांना एका खोलीत बसवून प्रशिक्षण देतात, आणि दीड वर्षाने एक अहवाल निघतो. त्या अहवालाचं शेवटचं प्रकरण हाच सगळा मुद्दा. त्यात लिहायचं, की या छोट्या कामातून असं सिद्ध झालं आहे की इथे मोठं काम करण्यास भरपूर वाव आहे. छोटा प्रकल्प म्हणजे गळाला लावायचं गांडूळ. गांडुळाचं पुढे काय होतं ते कुणी विचारत नाही.

साहेबांचे असे चार गळ टाकून झाले होते. एक मधमाश्यांचा, एक बियाण्यांचा, एक खताचा, एक गोदामाचा. चारही अहवाल मी टाइप केले. चारही वेळा वरून एकच उत्तर आलं, दीर्घ मुदतीची आधारभूत माहिती उपलब्ध नाही. मधमाश्यांचं उत्तर आलं त्या दिवशी साहेब जेवले नाहीत. डबा तसाच माझ्या टेबलावर ठेवून गेले.

पाचवा गळ पाण्याचा होता. जमिनीखालच्या पाण्यावर शेती. त्यासाठी सल्लागारबाई आल्या. तरुण, कामाला वाघ, धुळीने खोकत खोकत सगळी कपाटं स्वतः उघडणाऱ्या. तिसऱ्या दिवशी लोखंडी कपाटात त्यांना मास्तरांचे तक्ते सापडले. दोनशे चौसष्ट महिने. एकही रकाना रिकामा नाही. बाई तिथेच जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "हे कोणी केलं?"

मी मास्तरांना हाक मारली. बाई उठल्या आणि त्यांनी मास्तरांशी हात मिळवला. खडू लागला तो पुसलाही नाही. म्हणाल्या, "अशी सलग नोंद मी कुठेच बघितली नाही. तुमच्यामुळे हा प्रकल्प उभा राहील."

बावीस वर्षांत त्या तक्त्यांकडे वाकून बघणारं ते पहिलं माणूस. मास्तरांचा चेहरा मला आजही दिसतो. ते लाजले. त्यांचा हात खिशाकडे गेला, डायरीपाशी. मला वाटलं खडू काढतायत. हात तसाच खाली आला. पुढे त्यांनी मला सांगितलं, "त्या वेळी सांगायला पाहिजे होतं. पण त्या इतकं चांगलं बोलत होत्या. मध्येच कसं तोडायचं?"

दीड वर्ष ते हवेत होते. केसांना तेल लावून यायचे. प्रशिक्षणाच्या खोलीत बारा जणांसमोर खडू कसा घासायचा ते त्यांनी दाखवलं. बाईंनी त्यांचे सगळे आकडे कॉम्प्युटरवर घेतले, रंगीत रेघा काढल्या. नंतर अहवालाचे कागद माझ्याकडे आले आणि त्यांत हे वाक्य होतं. मी ते टाइप केलं, शब्द न् शब्द आठवतो. उन्हाळ्यातही या भागातील भूजलपातळी खालावत नाही, उलट किंचित वर येते, ही येथील अत्यंत लक्षणीय बाब होय.

मी या भागात जन्मले. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी वर येतं असं माझ्यासमोर लहान मुलाने म्हटलं असतं तरी मी हसले असते. पण टाइप करताना मी वाचत नाही, अक्षरं मोजते. अत्यंतवरचा अनुस्वार नीट आला की नाही तेवढं बघितलं आणि पुढच्या ओळीला गेले. याची मला आजही लाज वाटते.

अहवाल छापून आला त्या दिवशी मास्तर माझ्या टेबलापाशी आले. आभाराच्या पानावर त्यांचा उल्लेख होता, 'मोजणी कर्मचारी' म्हणून. तो त्यांनी दोनदा वाचला. मग पुढची पानं चाळायला लागले आणि त्या वाक्यापाशी थांबले. किती वेळ थांबले असतील! मी दोन पत्रं टाइप केली तरी बोट तिथेच.

"हे कोणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच आकड्यांवरून लिहिलंय की."

"होय," ते म्हणाले. "माझेच आहेत."

मग खुर्ची ओढून बसले आणि वर सांगितलं ते सगळं मला सांगितलं. नऊ नंबर, लाल शेरा, ओढ्याकाठच्या विहिरी, डायरी. डायरी त्यांनी माझ्यासमोर ठेवली. मी शेवटचं प्रकरण उघडलं. मोठ्या प्रकल्पात माळावर चारशे खोल बोअर घ्यायचे ठरत होते. नकाशावर ठिपके होते. सतरा नंबरच्या भोवती मी अकरा मोजले.

"अकरा पंप लागले तर ताईची विहीर दोन उन्हाळे काढणार नाही," मास्तर म्हणाले. "ती विहीर गेली तर ती कुठं जाईल?"

त्यांच्याकडे, दुसरं कुठे? पण ते उत्तर देण्याचा तो प्रश्न नव्हता.

ते तडक साहेबांकडे गेले. मला साक्षीला नेलं. साहेब खुशीत होते, चहा मागवला. मास्तरांनी डायरी पुढे केली आणि सांगितलं. साहेबांच्या कपाळावर एकेक आठी चढत गेली.

"आकडे तुम्हीच घेतले ना?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"मनाचे लिहिले?"

"नाही. एकही नाही."

"मग अडचण काय आहे?"

"दुसऱ्या विहिरीचे आहेत, साहेब."

"तिथं पाणी होतं ना?"

"तिथं होतं. माळावर नव्हतं."

साहेबांनी चष्मा काढला. मग जे बोलले ते ओरडून नव्हे, जवळजवळ विनवून बोलले. "मास्तर, सोळा वर्षं झाली मला. चार वेळा तोंडावर आपटलो. दर वेळी म्हणाले, माहिती नाही. आता माहिती आहे तर तुम्ही म्हणता ही ती नव्हे. निधी आला तर या भागात हजार घरांना काम लागेल. तुमच्या अठरा रकान्यांसाठी मी तो परत पाठवू? तुम्ही सांगा."

मास्तरांनी डायरी उचलून खिशात घातली. हजार घरं म्हटलं की चौदा घरं कोणत्या तोंडाने पुढे करायची?

मग मी माझ्या टेबलावरून सल्लागारबाईंना फोन लावून दिला. त्यांचा करार संपून त्या आपल्या गावी गेल्या होत्या. मास्तर बोलले, मग नुसतेच ऐकत राहिले. फोन ठेवल्यावर म्हणाले, "रडल्या. म्हणाल्या, उन्हाळ्याचं त्यांनाही खटकलं होतं. ओढ्यातून पाझर येत असेल असं धरून चालल्या. पत्र पाठवणार आहेत."

पत्र आलं. दोन पानी, सरळ आणि प्रामाणिक. चूक माझी आहे, असं स्वतःच्या सहीने लिहिलं होतं. साहेबांनी ते टाकून दिलं नाही, तेवढे ते सज्जन होते. त्यांनी त्याची एक ओळ केली आणि मोठ्या निधीच्या मागणीच्या परिशिष्टात घातली. काही नोंदींची पुढील टप्प्यात पडताळणी इष्ट राहील. ती ओळही मीच टाइप केली.

राहता राहिलं पाहणी पथक. मोठा निधी देणाऱ्यांची माणसं दोन गाड्यांतून आली. त्यांना माळावरची एक विहीर दाखवायची होती, आणि पाणी असलेली जवळची म्हणजे सतरा नंबर. मास्तरांनी फीत सोडून दाखवायची होती. आदल्या दिवशी ते मला म्हणाले, "उद्या सांगणार. साहेब काय करतील ते करोत." म्हणून मीही हट्टाने गाडीत बसले. टिपणं घ्यायला माणूस लागतो, असं साहेबांना सांगितलं.

वस्तीवरचे सगळे जमले होते. ताई काठावर दोर घेऊन उभी होती. मास्तरांनी खडू घासला, फीत सोडली, वर ओढली. अकरा मीटर बावीस. पथकाचे प्रमुख वाकून ओली खूण बघत होते. वयस्कर, सभ्य माणूस. मास्तर त्यांना म्हणाले, "साहेब, मला थोडं सांगायचंय."

आणि त्यांनी सांगितलं. अडखळत, पण सगळं. डायरी उघडून दाखवली. आमचे साहेब पायाने माती उकरत होते. प्रमुखांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. पानं उलटली, दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. ताईने न सांगता आपला दोर पुढे केला आणि म्हणाली, "हे बघा. लग्नाआधी एकही गाठ नव्हती. आता आठ हायेत." त्यांनी दोर हातात घेतला, गाठी मोजल्या, फोटो काढला. वाटलं, झालं. ऐकणारा माणूस भेटला.

प्रमुखांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "तुम्ही फार मोलाचं सांगितलंत. याचाच अर्थ तुमची मोजणीची व्यवस्था कमकुवत आहे. तीच तर आम्हाला मजबूत करायची आहे. मोठ्या प्रकल्पात मोजणीसाठी वेगळा भाग घालू. प्रत्येक विहिरीत यंत्र बसवू. आणि तुमच्यासारखा प्रामाणिक माणूस त्यावर देखरेखीला हवा."

"आणि बोअर?" मास्तरांनी विचारलं.

"बोअर घेतल्याशिवाय मोजणार काय?" ते हसून म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते. त्यांना ते खरंच तसं दिसत होतं.

परतताना गाडीत साहेब मास्तरांना म्हणाले, "तुम्ही मला बुडवणार असं वाटलं होतं. उलट तारलंत." त्यांचा जीव भांड्यात पडला होता. मास्तर खिडकीतून बाहेर बघत होते. मी टिपणवही मिटली. आमच्याकडे सांगायला आता काहीच उरलं नव्हतं, आणि सांगायला माणूसही उरला नव्हता. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं. सगळं ऐकून घेऊन पाठ थोपटणाऱ्याशी काय भांडणार?

मोठा निधी आला. मंजुरीच्या जाडजूड पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ताईचा फोटो होता, हातात दोर, आठही गाठी स्पष्ट. साहेबांनी एक प्रत तिला पाठवली. तिने ती धान्याच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली.

माळावर यंत्रं आली. वस्तीवर कित्येक आठवडे दिवसभर कानठळ्या बसत होत्या. खालच्या अंगाला मोठ्या मळ्यांत हिरवंगार झालं, हे खोटं नाही. तिथे काही घरांना काम लागलं, हेही खोटं नाही. मास्तर पर्यवेक्षक झाले. त्यांना खुर्ची मिळाली, समोर कॉम्प्युटरचा पडदा मिळाला. प्रत्येक विहिरीत तारेला टांगलेलं नळीएवढं यंत्र सोडलं होतं, ते दर तासाला पाण्याची पातळी आमच्या कार्यालयात पाठवायचं. खडूची गरज संपली. पण दर रविवारी मास्तर फीत घेऊन सतरा नंबरवर जायचे. कशाला जाता, मी एकदा विचारलं. म्हणाले, "ताई विचारते, किती झालं. तिला पडद्यावरचं सांगितलेलं पटत नाही."

पहिल्या उन्हाळ्यात तेरा मीटर. ताईने नववी गाठ मारली. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा, आणि एका वर्षात तीन गाठी. वस्तीवरची घरं एकेक करून उठायला लागली. चौदाची नऊ झाली, नऊची पाच. मास्तर दर सोमवारी येऊन मला आकडा सांगायचे, जसा घरातल्या आजारी माणसाचा ताप सांगतात. मी चहा सांगायची.

तिसऱ्या वर्षी उन्हाळा अर्धा उरला असताना मास्तरांची फीत कोरडी वर आली. त्यांनी पुन्हा सोडली. वजन तळाच्या दगडावर आपटल्याचा आवाज आला. एकोणीस मीटर, खडू पांढराशुभ्र. ताईने काठावरून विचारलं, "किती?" मास्तरांनी पांढरी फीत तशीच तिच्यापुढे धरली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा फितीवरचा आकडा त्यांना तोंडाने म्हणता आला नव्हता.

ताई शहरात आली. एक गाठोडं, एक डबा आणि दोर. दोन खोल्यांत तिचं मन लागेना. नळ सोडून ती त्याच्यासमोर बसून राहायची, बंद कर म्हटलं तरी करायची नाही. शेवटी मास्तर तिला रोज कार्यालयात आणून माझ्या खिडकीजवळच्या बाकावर बसवू लागले. गाठोडं ती मांडीवर ठेवायची. कुणाला तिचा त्रास नव्हता. साहेबही येता-जाता आजी, बऱ्या ना, असं विचारायचे.

त्या आठवड्यात आमची गडबड होती. पहिला टप्पा संपत आला होता आणि त्याच्या जोरावर दुसऱ्या, आणखी मोठ्या टप्प्याची मागणी जायची होती. साहेबांनी लिहून दिलेलं मी टाइप करत होते. माळावरील निरीक्षण विहीर क्रमांक सतरा हिची पातळी गेले चार महिने साडेसोळा मीटरवर स्थिर असून प्रकल्पाचा कोणताही प्रतिकूल परिणाम आढळत नाही. या वेळी मी वाचत होते. मी थांबले.

"मास्तर," मी हाक मारली, "हे साडेसोळा कुठून आलं?"

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. सतरा नंबरची रेघ खाली उतरत उतरत एका जागी आली होती आणि तिथून सरळ, आडवी, पट्टीने आखल्यासारखी. मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, "ठेकेदारानं यंत्र साडेसोळावर टांगलं. तार तेवढीच होती. पाणी त्याच्याखाली गेलं की ते तोच आकडा पाठवत राहतं. मी तीनदा लिहून दिलंय. पुढच्या टप्प्यात तार वाढवणार आहेत."

आम्ही दोघं हळूच बोलत होतो, पण ताईचे कान तिखट होते. ती बाकावरून उठून आली. पडद्यासमोर उभी राहिली.

"ही माझी विहीर?"

"हो, ताई."

"ही रेघ म्हणजे पाणी?"

ती माझ्याकडे वळली. मी होकाराची मान हलवली.

"आज पाणी आहे म्हणतंय हे?"

"म्हणतंय," मास्तर म्हणाले.

"रोज म्हणतंय?"

"रोज."

ताईने पडद्यावरच्या रेघेला बोट लावून बघितलं, ओलं लागतं का बघावं तसं. मग गाठोडं काखेत मारलं. दोराचं टोक बाहेर लोंबत होतं, ते तिने आत खोचलं.

"मग मला घरी नेऊन सोड, धाकट्या," ती म्हणाली.

ती चिडून बोलली नाही, थट्टेनेही नाही. पाणी आहे तर माणसाने आपल्या घरी जावं, एवढंच ती म्हणत होती. आतून साहेबांनी विचारलं, झालं का टाइप, चारच्या आत पाठवायचंय. मी हो म्हटलं. ताई चपला घालून दारात उभी राहिली, आणि मास्तर आणि मी आपापल्या खुर्चीत बसून राहिलो.